१९४२ चा रोझ बाउल: पॅसाडेना सोडून डरहॅमला झालेल्या सामन्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात रोझ बाउलचे शंभराहून अधिक सामने झाले, पण १ जानेवारी १९४२ च्या सामन्यासारखा दुसरा नाही. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. कॅलिफोर्नियात व्हायचा सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाच्या मैदानावर झाला. ज्याला कुणी जमेस धरत नव्हतं तो संघ जिंकला, आणि मग दोन्ही संघांतले बरेच खेळाडू गणवेश चढवून युद्धावर गेले. ही गोष्ट सहसा एवढीच सांगितली जाते. मला त्यातलं आणखी एक नाव महत्त्वाचं वाटतं. ते त्या दिवशीच्या खेळाडूंच्या यादीत नव्हतं. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

सामना कुणाकुणात झाला आणि निकाल काय लागला?

ओरेगन स्टेट कॉलेज (आजचं ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटी, गाव कोर्व्हॅलिस) आणि ड्यूक युनिव्हर्सिटी (डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना). ओरेगन स्टेट २०, ड्यूक १६.

हा आपल्या ओळखीचा फुटबॉल का?

नाही. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे सॉकर म्हणतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात किंवा पुढे फेकतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. त्यानंतर खांबांमधून चेंडू मारला की वरचा एक. मैदानी किकला तीन गुण. चेंडू हातात असलेल्या खेळाडूला त्याच्याच शेवटच्या पट्ट्यात पाडलं तर त्याला सेफ्टी म्हणतात आणि पाडणाऱ्या संघाला दोन गुण मिळतात. शेवटची ही बाब लक्षात ठेवा, कारण या सामन्यात १६ हा आकडा तिच्यामुळे आला.

‘बाउल गेम’ म्हणजे काय?

हंगाम संपल्यावर, निमंत्रण देऊन भरवलेला खास सामना. कॉलेजचे संघ शरद ऋतूत आपापल्या विभागात खेळतात. त्यातल्या चांगल्या संघांना डिसेंबर-जानेवारीत अशा सामन्यांची आमंत्रणं येतात. पॅसाडेनाचं मैदान १९२२ मध्ये बांधलं तेव्हा येल विद्यापीठाच्या वाडग्यासारख्या खोलगट मैदानाचा नमुना डोळ्यांपुढे होता. मैदानाला रोझ बाउल नाव पडलं, मग सामन्यालाही तेच नाव लागलं आणि पुढे इतर शहरांनी शुगर बाउल, ऑरेंज बाउल, कॉटन बाउल असे आपापले सामने सुरू केले.

मग रोझ बाउललाच इतका मान का?

कारण तो सगळ्यांत जुना. पहिला सामना १ जानेवारी १९०२ ला पॅसाडेनात झाला. पॅसाडेना हे लॉस एंजेलिसला लागून असलेलं शहर. तिथे नववर्षाला फुलांनी सजवलेल्या चित्ररथांची मिरवणूक निघते, आणि तिच्या जोडीला काहीतरी खेळ हवा म्हणून फुटबॉल आला. त्या पहिल्या सामन्यात मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुऊन काढलं. वेळ शिल्लक असतानाच स्टॅनफर्डने खेळ थांबवला. आयोजकांनी त्यानंतर अनेक वर्षं फुटबॉलचं नाव काढलं नाही. त्याऐवजी रथांच्या शर्यती लावल्या! १९१६ मध्ये फुटबॉल परत आला आणि तेव्हापासून दरवर्षी होत राहिला.

१९४१ पर्यंत रोझ बाउल म्हणजे पश्चिम किनाऱ्याचा विजेता आणि देशाच्या इतर भागांतला एखादा नावाजलेला संघ यांची लढत, असा शिरस्ता होता. पश्चिमेचा विजेता स्वतःच प्रतिस्पर्ध्याला बोलवायचा. ओरेगन स्टेटने ड्यूकला बोलावलं.

सामना पॅसाडेनातून का हलवला?

७ डिसेंबर १९४१ ला जपानने हवाईतल्या पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि पश्चिम किनाऱ्याची झोप उडाली. पुढचा हल्ला कॅलिफोर्नियावर होणार अशी धास्ती होती. ती सगळीच हवेतली नव्हती, कारण त्याच महिन्यात जपानी पाणबुड्यांनी किनाऱ्याजवळ मालवाहू आणि तेलवाहू जहाजांवर हल्ले केले. रात्री दिवे मालवले जात होते. अशा वेळी मिरवणुकीला लाखोंची आणि मैदानात नव्वद हजारांच्या आसपास गर्दी एका ठिकाणी जमू देणं लष्कराला परवडणारं नव्हतं.

पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणाची जबाबदारी लेफ्टनंट जनरल जॉन डिविट यांच्याकडे होती. डिसेंबरच्या मध्याला त्यांनी मिरवणूक आणि सामना दोन्ही रद्द करण्याची विनंती केली, राज्याचे गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांनी तिला दुजोरा दिला आणि आयोजकांनी ती मान्य केली. सॅन फ्रान्सिस्कोत होणारा पूर्व-पश्चिम निवडक खेळाडूंचा सामनाही त्याच कारणाने न्यू ऑर्लिन्सला गेला. पॅसाडेनाजवळच्या सांता अनिता रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या शर्यती बंद झाल्या. सांता अनिताचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

सामने हलवणं आपल्याला नवीन नाही. २०१६ मध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले होते. तिथे वाद खेळपट्टीवर ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा होता. इथे प्रश्न आकाशातून बाँब पडण्याचा होता, आणि हातात दिवस होते जेमतेम पंधरा-सोळा.

डरहॅमच का निवडलं?

ड्यूकचे प्रशिक्षक वॉलेस वेड यांनी पुढाकार घेतला म्हणून. वेड नुसते प्रशिक्षक नव्हते, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा कारभारही त्यांच्याकडेच होता. त्यामुळे ‘आमच्याकडे या’ म्हणायला त्यांना फार जणांना विचारावं लागलं नाही. पॅसाडेनाची मंडळी, ओरेगन स्टेट आणि ड्यूक अशा तिघांनी होकार दिला आणि रोझ बाउल हे नाव कायम ठेवून सामना डरहॅमला गेला.

वेड यांचं या सामन्याशी नातंही जुनं होतं. १९१६ मध्ये, फुटबॉल परत आला त्या वर्षी, ते ब्राउन विद्यापीठाकडून खेळाडू म्हणून रोझ बाउलमध्ये उतरले आणि हरले. पुढे अलाबामाचे प्रशिक्षक म्हणून १९२६ ला वॉशिंग्टनविरुद्ध २०-१९ असे जिंकले, १९२७ ला स्टॅनफर्डशी ७-७ बरोबरी झाली आणि १९३१ ला वॉशिंग्टन स्टेटवर २४-० असा विजय मिळवला. १९३९ ला ड्यूकला घेऊन गेले तेव्हा मात्र दैव फिरलं. १९३८ च्या अख्ख्या हंगामात ड्यूकवर कुणी एक गुणही केला नव्हता. त्या रोझ बाउलमध्ये ते ३-० ने पुढे होते आणि शेवटच्या मिनिटाला सदर्न कॅलिफोर्नियाने टचडाउन करून ७-३ असा सामना नेला. तेव्हा १९४२ चा सामना त्यांना घरच्या अंगणात मिळत होता, तो त्यांनी सोडला असता तरच नवल.

ओरेगन स्टेटवर हा अन्याय नव्हता का?

कागदावर होता. यजमानपद त्यांच्या विभागाचं, आणि जायचं साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास रेल्वेने प्रतिस्पर्ध्याच्या दारात. पण पर्याय ‘डरहॅम किंवा काहीच नाही’ असा होता. या कॉलेजला आजवर एकदाही रोझ बाउल लाभला नव्हता. खेळाडूंनी काय निवडलं असतं ते उघड आहे.

ओरेगन स्टेट खरंच दुबळा संघ होता का?

दुबळा नव्हता, अनोळखी होता. प्रशिक्षक लॉन स्टायनर यांच्या या संघाने त्या हंगामात सात सामने जिंकले आणि दोन हरले. आदल्या वर्षीच्या रोझ बाउल विजेत्या स्टॅनफर्डला त्यांनी १०-० ने हरवलं होतं. शेवटच्या सामन्यात शेजारच्या ओरेगन विद्यापीठाला १२-७ ने नमवून विभागाचं विजेतेपद मिळवलं.

उलट ड्यूक नऊपैकी नऊ सामने जिंकलेला आणि देशाच्या क्रमवारीत मिनेसोटाच्या खालोखाल दुसऱ्या स्थानावर होता. (मिनेसोटा ज्या बिग टेन गटात होता, त्या गटाला त्या काळी बाउल सामने खेळायची परवानगी नव्हती. म्हणून पहिल्या क्रमांकाचा संघ घरी आणि दुसऱ्याची जत्रा.) पैजा लावणाऱ्यांच्या लेखी ड्यूकचा विजय ठरलेला होता. पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांनाही ओरेगनमधून आलेली ही मुलं कोण, याची फारशी कल्पना नव्हती.

एवढे प्रेक्षक बसवले कुठे?

ड्यूकच्या मैदानात पस्तीस हजारांची सोय होती. चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आणि रॅलेचं नॉर्थ कॅरोलायना स्टेट ही एरवीची कट्टर प्रतिस्पर्धी कॉलेजं. दोघांनी आपापल्या लाकडी बाकांच्या रांगा उधार दिल्या. त्या जोडून सुमारे ५६,००० प्रेक्षकांची सोय झाली. तिकिटं काही दिवसांत संपली.

सामना कसा झाला?

दिवस पावसाळी, हवा गार, मैदान भिजलेलं. असं हवामान बलाढ्य संघाच्या अंगाशी येतं, कारण निसरड्या चेंडूने वेगाचा आणि अचूकपणाचा फायदा निघून जातो. पण तेवढ्यावर हा निकाल समजावून सांगता येत नाही. कारण त्याच ओल्या चेंडूने ओरेगन स्टेटने दोन लांब फेकी करून दाखवल्या.

सामना चार समान भागांत, म्हणजे चार पावांत खेळतात. पहिल्या पावात ओरेगन स्टेटच्या डॉन डर्डनने १५ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, ७-०. दुसऱ्या पावात ड्यूकच्या स्टीव्ह लॅकने चार यार्डांवरून घुसून बरोबरी साधली. मध्यंतराला ७-७. तोपर्यंतही यजमानांना घाम फुटला नसावा.

सामना फुटला तिसऱ्या पावात. बॉब डेथमनने जॉर्ज झेलिककडे ३१ यार्डांची फेक केली आणि ओरेगन स्टेट १४-७ पुढे गेला. ड्यूकने पुन्हा गाठलं. विन्स्टन सीगफ्रीडने एका यार्डावरून चेंडू आत नेला, १४-१४. आणि मग डेथमनने पुन्हा चेंडू उचलला. या वेळी झेलणारा होता जीन ग्रे. ६८ यार्डांचा टचडाउन! वरचा एक गुण मात्र हुकला, २०-१४.

इथे हिशेब रंगतो. सहा गुणांची आघाडी म्हणजे ड्यूकने टचडाउन केला तर बरोबरी आणि वरची किक बसली तर विजय. चौथ्या पावात ड्यूकच्या माइक कारमाझिनने डर्डनला त्याच्याच शेवटच्या पट्ट्यात गाठून पाडलं. सेफ्टी, दोन गुण, २०-१६. आता ड्यूकला साध्या टचडाउननेही विजय मिळणार होता. अंतर चारचं झालं आणि गर्दीचा आवाज वाढला असेल. पण टचडाउन काही झाला नाही. ओरेगन स्टेटच्या बचावाने शेवटपर्यंत दार उघडलं नाही.

रोझ बाउलच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत त्या वर्षीचं नाव डॉन डर्डनचं आहे. मला विचाराल तर मी डेथमनचं घातलं असतं. पावसात भिजलेला चेंडू दोनदा इतक्या लांब, नेमक्या हातात देणं सोपं नाही.

ड्यूक हरला कशामुळे?

तीन कारणं सांगितली जातात. ड्यूकने चेंडू वारंवार हातचा घालवला, हे पहिलं आणि सगळ्यांत पटणारं. दुसरं, ओरेगन स्टेटच्या बचावाने ड्यूकची धाव रोखली. तिसरं, घरी खेळताना पाहुणचाराच्या धांदलीत ड्यूकचं लक्ष विचलित झालं, असं म्हणतात. हे तिसरं कारण मला हरलेल्याच्या समाधानासाठी शोधलेलं वाटतं.

जॅक योशिहारा कोण?

या पानावरचा हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा.

जॅक योशिहारा ओरेगन स्टेटच्या त्याच संघात होता. जपानमध्ये जन्मला, अगदी लहानपणी आईबरोबर अमेरिकेत आला आणि पोर्टलंडला वाढला. भाषा, शाळा, मित्र, खेळ सगळं अमेरिकन. नागरिकत्व मात्र नव्हतं, आणि ते त्याने घेतलं नाही असं नाही. जपानमध्ये जन्मलेल्या स्थलांतरिताला नागरिक होण्याची मुभाच अमेरिकेच्या कायद्यात १९५२ पर्यंत नव्हती.

पर्ल हार्बरनंतर संघ डरहॅमच्या तयारीला लागला होता. त्या दिवसांत एफबीआयचे (केंद्रीय तपास यंत्रणेचे) लोक सरावाच्या वेळी आले आणि योशिहाराला बाजूला घेऊन गेले. जपानी वंशाच्या लोकांना आता घरापासून ठरावीक अंतरापलीकडे जायला बंदी होती. डरहॅमला जाणाऱ्या गाडीत तो बसू शकत नव्हता. संघ गेला, तो मागे राहिला. ज्या देशाला वाटत होतं की पॅसाडेना सुरक्षित नाही, त्याच देशाला वाटत होतं की राखीव फळीतला हा विद्यार्थी धोकादायक आहे.

गोष्ट तिथे थांबली नाही. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली. त्याच्या आधाराने पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरं, दुकानं, शेतं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेत जन्मलेले, जन्माने नागरिक. हे स्थलांतर ज्यांच्या हुकुमाने राबवलं गेलं ते अधिकारी म्हणजे तेच जनरल डिविट. रोझ बाउल हलवण्याचा त्यांचा निर्णय सावधगिरीचा होता, समजण्यासारखा होता. पुढचा निर्णय तसा नव्हता. दोन्ही एकाच भीतीतून निघाले, पण पहिल्यात गर्दी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेली आणि दुसऱ्यात माणसांच्या वंशावरून त्यांना कोंडलं.

पॅसाडेनाजवळचं ते सांता अनिता रेसकोर्स आठवतं? ज्या तबेल्यांत घोडे असायचे तिथे १९४२ च्या वसंतात जपानी वंशाची कुटुंबं ठेवली. रोझ बाउलपासून गाडीने काही मिनिटांच्या अंतरावर. योशिहारा आणि त्याचे कुटुंबीय पोर्टलंडचे, म्हणून त्यांच्या वाट्याला तिथल्या पशुप्रदर्शनाच्या इमारतीतलं तात्पुरतं केंद्र आलं. तिथून आयडाहोमधल्या मिनिडोका छावणीत रवानगी झाली.

१९८८ मध्ये अमेरिकन सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानाला वीस हजार डॉलर देऊ केले. २००८ मध्ये ओरेगन स्टेटने युद्धामुळे शिक्षण तुटलेल्या आपल्या ४२ जपानी अमेरिकन विद्यार्थ्यांना मानद पदव्या दिल्या. त्यांत जॅक योशिहाराचं नाव होतं. तो समारंभाला हजर होता. पुढच्याच वर्षी त्याचं निधन झालं.

रोझ बाउल हलवल्याची गोष्ट सांगताना योशिहाराला तळटीपेत ढकललं जातं, याचा मला राग येतो. सामना का हलला आणि योशिहारा का हलू शकला नाही, या दोन गोष्टी वेगळ्या सांगताच येत नाहीत.

या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू होते का?

नव्हते. डरहॅम त्या काळी वंशभेदाच्या कायद्यांखाली होतं. ड्यूक विद्यापीठाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो १९६० च्या दशकात. ‘युद्धात देश एकवटला’ हे वाक्य त्या सामन्याच्या वर्णनात वरचेवर येतं. एकवटलेल्यांत कोण कोण धरले होते, ते लक्षात घेऊनच वाचावं.

खेळाडूंचं पुढे काय झालं?

दोन्ही संघांतले बहुतेक जण सैन्यात गेले. चार जण परत आले नाहीत. ड्यूकचे वॉल्टर ग्रिफिथ, अल हूवर आणि बॉब नॅनी, ओरेगन स्टेटचा एव्हरेट स्मिथ. हूवर पॅसिफिकमधल्या पेलेलियू बेटावरच्या लढाईत, तर नॅनी इवो जिमा बेटावर मारला गेला. ओरेगनला बाकं उधार घेऊन ज्यांनी आपल्या घरी बोलावलं होतं, त्या ड्यूकचीच अधिक माणसं गेली.

६८ यार्डांचा टचडाउन करणारा जीन ग्रे वैमानिक झाला. जर्मनीवरच्या बाँबफेकीच्या मोहिमांतून सुखरूप परतला. १९४८ मध्ये, युद्ध संपून गेल्यावर, पनामात त्याच्या विमानाला अपघात झाला आणि त्याने दोन्ही हात गमावले. ज्या हातांनी तो चेंडू झेलला ते हात. अशा योगायोगांवर लोक फार भावुक होऊन लिहितात. मला फक्त एवढं दिसतं की तीस-चाळीस मोहिमांत जे झालं नाही ते शांततेच्या एका उड्डाणात झालं.

ड्यूकचा चार्ल्स हेन्स आणि ओरेगन स्टेटचा फ्रँक पार्कर यांची गाठ इटलीतल्या आघाडीवर पडली. हेन्स जबर जखमी झाला आणि त्याला सुरक्षित जागी आणणाऱ्यांत पार्कर होता. दोन वर्षांपूर्वी एकमेकांना पाडायला धावलेली ही माणसं! कादंबरीत लिहिलं तर संपादक काट मारेल, पण हे घडलेलं आहे.

वॉलेस वेड तर एकोणपन्नास वर्षांचे होते. पहिल्या महायुद्धात ते घोडदळात कॅप्टन राहिले होते. सामन्यानंतर त्यांनी प्रशिक्षकपद सोडलं आणि स्वखुशीने पुन्हा सैन्यात दाखल झाले. तोफखान्याच्या एका तुकडीचे प्रमुख म्हणून युरोपात लढले. ड्यूकचा संघ त्यांच्यामागे एडी कॅमरन यांनी सांभाळला. ड्यूकचं बास्केटबॉलचं जगप्रसिद्ध मैदान याच कॅमरन यांच्या नावाचं. बास्केटबॉल पाहणाऱ्या वाचकांना हे नाव ओळखीचं असेल.

ड्यूककडून खेळलेला एक खेळाडू पुढे ओरेगन स्टेटचाच प्रशिक्षक झाला, हे खरं का?

खरं. टॉमी प्रॉथ्रो. १९४२ मध्ये ड्यूककडून हरला, १९५५ मध्ये ओरेगन स्टेटचा प्रशिक्षक झाला आणि त्यांना दोनदा, १९५७ आणि १९६५ मध्ये, रोझ बाउलपर्यंत नेलं. दोन्ही वेळा हरले. आयोवाने ३५-१९ आणि मिशिगनने ३४-७. मग तो यूसीएलएकडे (लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे) गेला आणि १९६६ चा रोझ बाउल जिंकला! ओरेगन स्टेटच्या चाहत्यांनी हे कसं सोसलं ते तेच जाणोत. त्यांच्या नावावर आजही रोझ बाउलचा एकच विजय आहे, आणि तो पॅसाडेनाबाहेरचा.

त्यानंतर रोझ बाउल कधी हलवला गेला?

१९४३ ला तो पॅसाडेनात परतला. जॉर्जियाने यूसीएलएला ९-० ने हरवलं. त्यानंतर थेट १ जानेवारी २०२१ ला, कोरोनामुळे कॅलिफोर्नियात प्रेक्षकांना परवानगी नव्हती म्हणून, सामना टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला झाला. अलाबामाने नोत्र दामला ३१-१४ ने हरवलं. पॅसाडेनाबाहेर झालेले रोझ बाउल हे दोनच.

युद्ध सुरू झालेलं असताना खेळ खेळवणं योग्य होतं का?

त्या दिवशी शुगर, ऑरेंज, कॉटन असे इतर बाउल सामनेही आपापल्या जागी झालेच. म्हणजे देशाने खेळ थांबवला नव्हता, फक्त पश्चिम किनाऱ्यावरच्या गर्दीची भीती होती. माझ्या मते खेळवलं ते बरं झालं. विशीतल्या मुलांना, ज्यांना काही महिन्यांत बंदूक धरायची होती, एक दिवस खेळू द्यायला हरकत नव्हती. हरकत घ्यायची तर संघातल्या एकाला मागे ठेवण्याला घ्यावी.

आज तिथे जाऊन काही पाहता येतं का?

येतं. १९४२ चं ड्यूक स्टेडियम अजून वापरात आहे. १९६७ पासून ते वॉलेस वेड स्टेडियम म्हणून ओळखलं जातं. ड्यूकच्या आवारात आहे आणि शरद ऋतूत तिथे संघाचे घरचे सामने होतात. रॅले, डरहॅम आणि कॅरीच्या परिसरात संगणक आणि औषधनिर्मितीच्या कंपन्यांत काम करणारी पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्याकडे उतरायची सोय असेल तर सामन्याचा शनिवार पाहून जावं. सप्टेंबरमध्ये उकडतं, नोव्हेंबरच्या सामन्याला स्वेटर लागतो. मिनिडोका छावणीची जागाही राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेली आहे, आयडाहोत, पण तिथे पोचायला स्वतःची गाडी हवी.